मिठाची जकात आणि हापूसची पेटी

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळ्याच्या कातळावर, हापूसच्या कलमांच्या सावलीत बसून आंतरराष्ट्रीय व्यापारनीतीचा विचार करणे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु या मुलखाच्या मालासाठी तो विचार साडेतीनशे वर्षांपूर्वीच झालेला आहे. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस पाठविलेल्या पत्रात, पोर्तुगीजांच्या अमलाखालील बारदेशाहून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा आहे. बारदेशचे मीठ स्वस्त पडले की उदमी तिकडेच वळणार, संगमेश्वराकडील मिठास गिऱ्हाईक उरणार नाही, हे ओळखून महाराजांनी जकातीचे मापही ठरवून दिले : बारदेशचे मीठ संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडले पाहिजे. फ्रान्समध्ये अर्थमंत्री कोल्बेरने परदेशी मालावर भारी जकात बसविली ती १६६७ साली. म्हणजे त्या काळच्या प्रगत अर्थनीतीशी हे पत्र तुल्यबळ आहे, आणि त्यात मीठ पिकविणाऱ्याची जी काळजी आहे ती मला अधिक मोलाची वाटते.

हापूसच्या वाटेत आडवी आली ती मात्र जकात नव्हे, कीड. कोयीतील सोंडकिडीच्या आणि फळमाशीच्या भयाने अमेरिकेने सुमारे अठरा वर्षे भारतीय आंब्यास दार बंद ठेवले. ते दार उघडण्याचे ठरले मार्च २००६ मध्ये, अध्यक्ष बुश दिल्लीस आले तेव्हा, अणुकराराच्या वाटाघाटींच्या जोडीने! कांद्यासाठी उभारलेल्या लासलगावच्या केंद्रात किमान ४०० ग्रे मात्रेचा विकिरणसंस्कार घेऊन २००७ साली पहिली खेप रवाना झाली. जपानने अट घातली उष्ण बाष्पाच्या संस्काराची. युरोपीय संघाने तर १ मे २०१४ पासून, म्हणजे ऐन हंगामात, बंदी घातली आणि ती उठविण्याचा निर्णय जानेवारी २०१५ मध्ये, उरलेला सारा हंगाम बुडाल्यावर घेतला.

किडीचे भय खोटे नव्हे. स्वतःच्या बागा राखण्याचा अधिकार प्रत्येक देशास आहेच. परंतु अमेरिकेस जाणाऱ्या आंब्याच्या तपासणीस त्या देशाचा जो अधिकारी येथे येतो त्याचा खर्च भारतीय बाजूने सोसावा लागतो, आणि तो अखेर बागायतदाराच्या पेटीच्या भावातूनच वसूल होतो.