राक्षसीण काळीच का?

मी उर्से गावातून बोलतेय. गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक चालू असताना एका ताईची लेक शाळेतून रडतच आली. गॅदरिंगच्या नाटकात तिला यंदाही राक्षसीणच दिली होती. "मी काळी आहे ना, म्हणून," म्हणाली. आम्ही बाया हसलो. घरी गेल्यावर मात्र ते हसणं मला टोचत राहिलं. राक्षसीण काळीच असते, हे लेकरांना शिकवलं कुणी?

थोडं आपण, थोडं पुस्तकांनी, थोडं टीव्हीनं. १९६७ साली मुंबईत अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. तिच्यामुळे कितीतरी मुलांना पुराणं कळली. पण चित्रांत बरेचसे नायक गोरे आणि राक्षस काळे. २००८ पासून मुलं 'छोटा भीम' बघतात. त्यात दादागिरी करणाऱ्या पोराचं नाव काय? कालिया!

हे फक्त आपल्याकडेच नाही. 'डम्बो' हा अमेरिकेतल्या डिस्ने कंपनीचा १९४१ सालचा कार्टून सिनेमा, हत्तीच्या पिल्लाचा. त्यातले कावळे तिथल्या काळ्या लोकांची नक्कल करत बोलतात. म्होरक्या कावळ्याचं नाव ठेवलं होतं 'जिम क्रो'. काळ्या लोकांना शाळेत, गाडीत वेगळं बसवणाऱ्या कायद्यांनाही तिथं हेच नाव होतं. याच कंपनीनं राजकन्येचा पहिला सिनेमा काढला १९३७ साली. पहिली काळी राजकन्या, टियाना, आली २००९ साली. तब्बल ७२ वर्षांनी!

पण बोललं की बदलतं. १९९२ च्या 'अल्लादीन'मधल्या एका गाण्यात अरबांना क्रूर दाखवणारी ओळ होती. अमेरिकेतल्या अरब लोकांनी तक्रार केली. पुढच्या वर्षी व्हिडिओ कॅसेट आली, तेव्हा ती ओळ बदललेली होती.

आपल्याकडंही चांगलं उदाहरण आहे. १९७४ सालचा 'एक अनेक और एकता' आठवतो? जाळ्यासकट उडालेली पाखरं? त्यामागं होत्या मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे. 'लगान'मध्ये भुवनच्या आईचं काम करणाऱ्या सुहासिनी मुळे यांच्या त्या आई. कुणाचाही रंग न काढता एकीची गोष्ट सांगता येते, हे त्यांनी दाखवलं.

तर आम्ही चौघीजणी शाळेत गेलो. भांडलो नाही, फक्त विचारलं. बाई जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "भिशीसारख्या चिठ्ठ्या टाकू."

आता त्या पोरीला राक्षसीण आली, तरी ती चिठ्ठीनं येईल, रंगानं नाही. आणि या वेळी आम्ही हसणार नाही.