जुने ट्रक आणि नियमांची चौकट

गुरुग्रामजवळ तावडू येथे २०१३ साली वाहतूक वारशाचे संग्रहालय सुरू झाले. (२००५ पर्यंत तावडू गुडगाव जिल्ह्यातच होते; आज ते नूह जिल्ह्यात आहे.) तेथे जुन्या मोटारींबरोबर जड वाहनांनाही जागा मिळाली, याचे मला विशेष वाटते.

ब्रिटिश ट्रकांचे आपल्यावरील ऋण मोठे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने ‘डिस्पोजल’मध्ये काढलेले ट्रक नागरी मालवाहतुकीत आले. पुढे १९५० च्या दशकात लेलँडचा ‘कॉमेट’ चेन्नईजवळील एन्नोर येथे तयार होऊ लागला.

आता कायद्याकडे वळू. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल वाहने चालवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केली. गुरुग्राम या क्षेत्रातच येते. जुनी वाहने जपणाऱ्यांची स्वतंत्र दखल केंद्रीय मोटार वाहन नियमांनी घेतली ती जुलै २०२१ मध्ये. पन्नास वर्षांवरील, मूळ रूपातील वाहनास ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नोंदणीशुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. वापर प्रदर्शन, संशोधन वा रॅलीपुरताच. मात्र व्याख्येत दुचाकी व चारचाकी, तीही बिगर-व्यावसायिक, एवढीच वाहने बसतात. म्हणजे हौशी मालकाची मोटार वारसा ठरते. रसद वाहिलेला दहाचाकी ट्रक ठरत नाही!

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयापुढे हा पेच नाही, कारण रणगाड्याला रस्त्यावर यायचे नसते. ट्रकाचा वारसा मात्र त्याच्या चालण्यात आहे. माझ्या मते व्याख्येत ‘वापरातून निवृत्त मालवाहू व लष्करी वाहने’ एवढी भर पुरेशी आहे. वापरावरील बंधने आहेत तशीच राहू द्यावीत.