यकृताची जखम आणि गॉझची पट्टी

प्रौढ माणसाचे यकृत साधारण दीड किलो वजनाचे असते आणि दर मिनिटाला त्यातून सुमारे दीड लिटर रक्त वाहते. अवयव मऊ आणि ठिसूळ. टाका ओढून बांधावा तर धागा मांस कापत जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंतुनाशके आणि भूल यांच्या बळावर पोट उघडता येऊ लागले. 1896 साली कुझनेत्सोव्ह आणि पेन्स्की यांनी बोथट सुईने यकृताला टाके घालण्याची रीत मांडली. तरीही हाताशी असलेला सर्वांत सोपा उपाय म्हणजे जखमेत गॉझ ठासून भरणे.

ग्लासगोचे सर्जन जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी 1908 साली वेगळी वाट सुचवली. यकृत धमनी आणि पोर्टल शीर ही दोन्ही एकाच देठातून यकृतात शिरतात. तो देठ अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरला की येणारे रक्त थांबते आणि जखम नीट पाहता येते. प्रिंगल यांनी शस्त्रक्रिया केलेल्या चौघांपैकी एकही वाचला नाही. सशांवरचे प्रयोग मात्र यशस्वी ठरले. शल्यशास्त्रात अपयशी रुग्णमालिकेतून इतकी टिकाऊ युक्ती क्वचितच निघाली असेल. तिची मर्यादाही उपयोगी ठरली: देठ दाबूनही रक्त येतच राहिले, तर यकृतामागच्या मोठ्या शिरा फाटल्या आहेत, असा संशय घेता येतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करी सर्जनांनी हाताळलेल्या 829 यकृत-जखमांचा आढावा मॅडिंग, लॉरेन्स आणि केनेडी यांनी 1946 साली प्रसिद्ध केला. मृत्यूचे प्रमाण 27 टक्के होते. पहिल्या महायुद्धाच्या मानाने ही मोठीच सुधारणा, आणि तिचे श्रेय लवकर शस्त्रक्रिया, रक्त चढवणे आणि पोटात साचणारे पित्त व रक्त नळीने बाहेर काढणे यांना जाते. याच काळात गॉझ बदनाम झाले. पट्टी चिरेच्या आत कोंबून तिचे टोक पोटाबाहेर ठेवत आणि काही दिवसांनी ओढून काढत. तोवर जखमेत पू झालेला असे, आणि ओढताना रक्तस्राव पुन्हा सुरू होई. दोष पट्टीपेक्षा ती घालण्याच्या रीतीचा होता, पण बंदी पट्टीवर आली.

पुढची दोन-तीन दशके धाडसाची होती. फाटलेला भागच कापून काढावा, असा कल वाढला. 1968 साली श्रॉक आणि सहकाऱ्यांनी महाशिरेत नळी घालून यकृतामागच्या शिरा रक्तप्रवाहापासून अलग करण्याची पद्धत सांगितली. कल्पना देखणी, पण रुग्ण फार थोडे वाचले.

खरे कोडे वेगळेच होते. तासन्‌तास चाललेल्या शस्त्रक्रियेत रुग्णाचे शरीर थंड पडते, रक्त आम्लधर्मी होते आणि गोठेनासे होते; मग टाक्यांच्या छिद्रांतूनही रक्त झिरपते. 1976 साली डेट्रॉइटच्या लुकास आणि लेजरवूड यांनी, तर 1981 साली ह्यूस्टनच्या फेलिसियानो यांनी गॉझचा पुन्हा विचार केला. या वेळी पट्ट्या चिरेत न कोंबता यकृताभोवती रचल्या जात, म्हणजे फाटलेल्या कडा एकमेकींवर दाबल्या जात. 1983 साली हार्लन स्टोन यांनी रक्त गोठेनासे झालेल्या 31 रुग्णांची हकीकत मांडली. नेहमीप्रमाणे शस्त्रक्रिया पुरी केलेल्या 14 जणांपैकी एकच वाचला. गॉझ दाबून शस्त्रक्रिया अर्ध्यावर थांबवलेल्या 17 जणांपैकी 11 वाचले. रुग्णाला ऊब आणि रक्त देऊन सावरल्यावर पोट पुन्हा उघडत. 1993 साली रोटोंडो आणि सहकाऱ्यांनी या धोरणाला ‘डॅमेज कंट्रोल’ हे नौदलातले नाव दिले.

दरम्यान सीटी स्कॅनमुळे पोट न उघडताच जखम दिसू लागली. रक्तदाब स्थिर असलेल्या मुलांना केवळ देखरेखीखाली ठेवण्याचा प्रघात आधी पडला, मग तो प्रौढांनाही लागू झाला. 1996 साली पॅक्टर आणि सहकाऱ्यांनी मुक्का मार लागलेल्या 404 रुग्णांचा अनुभव मांडला; त्यांत 98.5 टक्के वेळा शस्त्रक्रियेविना निभावले. आत रक्त वाहतच असेल तर मांडीच्या धमनीतून बारीक नळी नेऊन यकृत धमनीची फुटलेली फांदी बुजवता येते. रक्तदाब ढासळत चाललेल्या रुग्णाचे पोट मात्र आजही उघडावेच लागते, आणि तिथे पहिले काम प्रिंगल यांची चिमूट आणि गॉझची पट्टी हीच करतात.