जैवविविधता-मापन

एखाद्या प्रदेशात सजीवांच्या किती जाती आहेत, प्रत्येकीचे प्रमाण किती आणि जागा बदलली की हे चित्र कसे बदलते, ते ठरवण्याच्या परिस्थितिविज्ञानातील पद्धती. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा परिसरावरून त्या चांगल्या समजतात. त्वरितादेवीच्या डोंगराचा खडकाळ उतार, भोवतालची कापसा-उसाची शेती आणि तालुक्याच्या उत्तर सीमेवरची गोदावरी असे तीन निराळे अधिवास येथे जवळजवळ आहेत.

सगळे मोजणे अशक्य, म्हणून नमुने घेतात. गवतासाठी सहसा एक मीटर बाजूची चौकट टाकून आतली रोपे जातवार मोजतात. झाडांसाठी चौकट बरीच मोठी लागते. पक्षी आणि काळविटांसाठी ठरलेल्या सरळ रेषेवर चालत दिसलेला प्राणी व त्याचे रेषेपासूनचे अंतर नोंदवतात. चौकटी वाढवत नेल्या, की नव्या जाती सापडण्याचा वेग मंदावतो. चौकटींच्या संख्येनुसार काढलेला जातिसंख्येचा आलेख सपाट होऊ लागला, तरच नमुना पुरेसा मानतात.

नुसती जातिसंख्या फसवी असते. समजा, दोन बांधांवर प्रत्येकी चार जातींची शंभर रोपे आहेत. एकावर प्रत्येक जातीची पंचवीस, तर दुसऱ्यावर एकट्या गाजरगवताची सत्त्याण्णव आणि बाकीच्यांचे एकेक रोप. क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये संदेशवहनासाठी मांडलेल्या सूत्राने पहिल्याचा निर्देशांक 1.39 येतो, दुसऱ्याचा जेमतेम 0.17. एडवर्ड सिंप्सन यांचा 1949 चा निर्देशांक वेगळा प्रश्न विचारतो: सहज उचललेली दोन रोपे एकाच जातीची निघण्याची शक्यता किती?

रॉबर्ट व्हिटेकर यांनी 1960 मध्ये विविधतेचे अल्फा, बीटा व गॅमा असे स्तर मांडले. अल्फा म्हणजे एका अधिवासातील, गॅमा म्हणजे साऱ्या प्रदेशातील, तर बीटा म्हणजे अधिवासा-अधिवासांतील फरक. तिन्ही ठिकाणी सरासरी 20 जाती आणि एकूण 45 असल्या, तर बीटा 2.25. मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखात खरी गोम या आकड्यात असते. सह्याद्रीशी अल्फाची तुलना करून माळाला दरिद्री ठरवणे हा आळशीपणाच. सरकारदरबारी ‘पडीक’ म्हणून नोंदलेल्या माळांवर कुसळी, पवन्या, धाविक, चंडोल, खोकड, लांडगा अशी स्वतंत्र सृष्टी नांदते.

हंगामही पाहावा लागतो. मे महिन्यात माळ मोजला तर पावसाळी वर्षायू वनस्पती हिशेबातून गळतात. गवते फुलोऱ्यावर आल्याशिवाय नीट ओळखूही येत नाहीत. मेंढपाळाला मात्र ती पानावरून कळतात. अशी माहिती टिपणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवहीची कल्पना रुजवण्यात माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. जैविक विविधता अधिनियम, 2002 नुसार स्थानिक स्वराज्य संस्थांना जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी लागते, आणि नोंदवही तयार करणे हे त्या समितीचे मुख्य काम आहे.