आवडीनिवडींचा ‘मी’ आणि कोयनानगर

मराठी लघुनिबंधाने १९३० नंतरच्या दशकात जो ‘मी’ घडवला, तो प्रामुख्याने आवडीनिवडींचा ‘मी’ होता. ना. सी. फडके, अनंत काणेकर, वि. स. खांडेकर यांच्या लेखनातील भेद कितीही महत्त्वाचे मानले, तरी त्यांचा निवेदक एकाच कुळातला आहे. त्याला सायंकाळ मोकळी असते, पुस्तक हाताशी असते, चहा कोणीतरी आणून देतो, आणि आपल्याला काय आवडते हे सांगणे हाच त्याचा आत्मपरिचय असतो. स्वातंत्र्योत्तर काळात हा ‘मी’ अधिक मोकळा, अधिक खवय्या आणि अधिक विनोदी झाला. ‘हसवणूक’मधील पु. ल. देशपांडे यांचा ‘माझे खाद्यजीवन’ हा लेख किंवा दुर्गा भागवतांचे ‘खमंग’ ही त्याची उत्तम रूपे होत. पुस्तक, सिनेमा, गाणे आणि खाणे या चार खांबांवर शहरी मराठी माणसाच्या रसिकतेचे घर उभे राहिले ते या लेखनातून.

या लेखनाचा विचार करताना मराठी समीक्षेने ‘व्यक्तिमत्त्व’ आणि ‘आत्मनिष्ठा’ या दोन संज्ञांवर सगळी भिस्त ठेवली. आवड ही ज्याच्या त्याच्या स्वभावाची गोष्ट मानल्यावर तिला इतिहास असण्याचे कारण उरत नाही. वस्तुतः आवडीला मोकळी संध्याकाळ लागते, बसायला जागा लागते आणि वाचायला दिवा लागतो. यांपैकी दिव्याचा इतिहास तरी नकाशावर दाखवता येतो, आणि तो माग काढीत गेले की सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयनानगरला येऊन पोचावे लागते.

कोयना ही मूळची पूर्ववाहिनी नदी. ती कऱ्हाडला कृष्णेला मिळते. हेळवाकजवळ १०३ मीटर उंचीचे धरण बांधून तिचे पाणी अडवण्यात आले, आणि त्यातले बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला, पोफळीच्या भूमिगत वीजगृहाकडे वळवले गेले. १९६२ साली तेथे वीजनिर्मिती सुरू झाली आणि ती वीज मुंबई-पुण्याकडे वाहू लागली. मुंबईला त्याआधी टाटांच्या जलविद्युत केंद्रांची वीज होतीच (खोपोली १९१५ सालचे), त्यामुळे कोयनेमुळे शहरात प्रथम उजेड पडला असे म्हणता येणार नाही. पण साठोत्तरी काळात वाढलेली उपनगरे, कारखान्यांच्या पाळ्या, रात्रीचे खेळ आणि घराघरांतले रेडिओ यांची भूक जुन्या केंद्रांच्या आवाक्यातली राहिली नव्हती. साठोत्तरी साहित्याच्या चर्चेत लघुनियतकालिके येतात, अस्तित्ववाद येतो. कोयना प्रकल्प मात्र येत नाही.

कोयनानगर ही प्रकल्पासाठी वसवलेली वसाहत. येथे जे अभियंते, कारकून, शिक्षक आले, त्यांतले अनेक शहरांतून बदलीवर आलेले होते. वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या खोऱ्यात शहरी आवडी नेणे म्हणजे त्या ट्रंकेत भरून नेणे होते. अशा वसाहतींत दिवाळी अंकाची वाट पाहणे, टपालाने पुस्तके मागवणे, रेडिओला कान लावून बसणे या गोष्टींना शहरात नसलेले गांभीर्य येते. शहरात आवड ही सवय असते. बदलीच्या गावी ती ओळख बनते. लघुनिबंधाचा खरा वाचक मुंबई-पुण्यापेक्षा अशा ठिकाणीच अधिक असावा, असे अनुमान करायला जागा आहे. ज्याला उपाहारगृह हाकेच्या अंतरावर आहे त्याला खाण्यावरचा लेख करमणूक म्हणून पुरतो. ज्याला ते नाही, त्याला तो लेखच जेवतो करतो.

पण या क्वार्टर्सच्या बाहेर कोण होते? ज्यांच्या जमिनी शिवाजीसागराखाली गेल्या आणि ज्यांना दूरदूरच्या जिल्ह्यांत जाऊन वसावे लागले, ती कुटुंबे. त्यांना ‘ग्रामीण’ म्हणून मोकळे होण्याची समीक्षेची सवय येथे अगदीच उघडी पडते. जावळी-पाटणच्या डोंगरी भागातील कर्ते पुरुष धरण येण्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईकर झालेले होते. गिरण्यांत, गोदीत, बाजारपेठांतील हमालीत त्यांचे आयुष्य जात होते. माथाडी कामगारांचे पुढारी अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच, आणि माथाडी कायदा १९६९ चा. म्हणजे धरणाच्या भिंतीपाशी एका बाजूला शहरातून आलेला नोकरदार होता आणि दुसऱ्या बाजूला शहरात कमावून गावी पैसे धाडणाऱ्याचे घर होते. नागर दोघेही होते. नागर रसिकतेच्या इतिहासात जागा मिळाली ती एकालाच.

दुसऱ्याला आवडी नव्हत्या असे नाही. लालबागच्या हनुमान थिएटरातला तमाशा, भारतमातामधला मराठी बोलपट, गावच्या खोलीतले भजन, खानावळवाल्या बाईच्या हातचे कालवण या गोष्टींवर त्यांच्यात जी मते होती, जे वाद होते, जो अभिमान होता, तो कोणत्याही संगीतसभेतल्या जाणकारापेक्षा कमी नव्हता. एका खोलीत पाळ्यांप्रमाणे झोपणाऱ्या माणसांना जेवू घालणाऱ्या या बायकांच्या संघटनेसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. समाजशास्त्रज्ञांना त्यात श्रम दिसला, आणि तो दिसायलाच हवा होता. पण चवही तेथे होती, आणि चवीचा हिशेब ठेवायला कोणी ललित लेखक गेला नाही.

हा हिशेब ठेवणारे लेखन मराठीत मुळीच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. ते वेगळ्या फडताळात ठेवले गेले आहे. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (मृत्यू १९४५) यांनी मुंबईवर लावणी रचली. त्याच तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांनीही मुंबईची लावणी लिहिली. पहिलीत शहराच्या वैभवाने दिपलेला, ते चाखायला निघालेला शौकीन बोलतो. दुसरी मलबार हिलचे सुख आणि परळच्या कामगाराचे मिळेल ते अन्न शेजारी ठेवून पाहते. एका तालुक्यातून निघून मुंबईत पोचलेल्या या दोन रचना एकत्र वाचल्या की नागर आवडीच्या काव्यशास्त्राचा पूर्वार्ध-उत्तरार्ध सापडतो. पण त्यांची गणना ‘लोकवाङ्मय’ आणि ‘प्रबोधन’ या सदरांत झाली. आपल्या आवडीविषयी बोलण्याचा अधिकार, म्हणजे काहीही सिद्ध न करता ‘हे मला भावते’ असे म्हणण्याचा अधिकार, शाहिराला समीक्षेने दिलाच नाही. त्याने सदैव कोणाचे तरी प्रतिनिधित्व करीत राहावे, अशी अपेक्षा होती.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला सुमारे साडेसहा रिश्टर तीव्रतेचा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे दगावली आणि वसाहतीतील बहुतेक घरे राहण्यालायक उरली नाहीत. मुंबईचा वीजपुरवठा विस्कळीत झाला, कारखाने थांबले. एरवी न दिसणारी गोष्ट त्या दिवशी दिसली: शहराच्या दिव्याची दोरी कोणाच्या अंगणातून जाते ती. हा साक्षात्कार वर्तमानपत्रांतून आला आणि मदतफेऱ्यांबरोबर ओसरला. ललित निबंधाच्या ‘मी’वर त्याचा ओरखडाही दिसत नाही. विस्थापितांचे जग मराठी कादंबरीत समर्थपणे अवतरायला विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’पर्यंत, म्हणजे १९९० नंतरच्या काळापर्यंत थांबावे लागले. साहित्य अकादमीने १९९२ मध्ये त्या कादंबरीचा गौरव केला. तेथेही धरणग्रस्त हा मुख्यतः सोसणारा माणूस आहे. कादंबरीच्या विषयाने तिला ही मर्यादा घातली आहे, त्यासाठी लेखकाला दोष देण्याचे कारण नाही.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘टीकास्वयंवर’ने (१९९०) बळ दिलेल्या देशीवादी विचाराकडून या प्रश्नाची उकल होईल, असे वाटणे साहजिक होते. पण तिथे नागर अभिरुची ही बहुतांशी उसनी ठरते. तसे ठरवले की गिरणगावातल्या सातारकराची सिनेमाची हौसही उसनी ठरते, आणि त्याने पुन्हा गावाकडेच खरे असायचे ओझे वाहावे लागते. अण्णाभाऊंच्या ‘माझा रशियाचा प्रवास’ या पुस्तकाचे हेच झाले. १९६१ च्या प्रवासाचे हे वर्णन प्रचार म्हणून तरी वाचले गेले, नाहीतर कौतुकाने बाजूला ठेवले गेले. चिरागनगरच्या झोपडीत राहणाऱ्या एका वाचकाने, ज्या देशाच्या पुस्तकांनी त्याला वेड लावले तो देश प्रत्यक्ष पाहिला, आणि काय पाहिले, काय खाल्ले, कोण भेटले ते हौसेने सांगितले. त्या पुस्तकाचे नाते जितके शाहिरीशी आहे, तितकेच काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’शी आहे. ही दोन पुस्तके एका अभ्यासक्रमात शेजारी लावून पाहायला हरकत नसावी.