घराणे, टोळी आणि खंडणी

बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात मस्साजोग नावाचे गाव आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी तेथील सरपंच संतोष देशमुख ह्यांचे अपहरण करून त्यांची निर्घृण हत्या करण्यात आली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेली खंडणी हे तिचे मूळ होय, असे तपास यंत्रणेने न्यायालयापुढे मांडले. जानेवारी २०२५ मध्ये आरोपींना 'मोक्का' लावण्यात आला. हा कायदा १९९९ सालचा, आणि तो करावा लागला मुंबईतील टोळ्यांमुळे. बीडचे दुखणे समजून घ्यायचे तर आधी मुंबईचा इतिहास पाहावा लागतो.

मुंबईच्या टोळ्यांना पहिले भांडवल पुरविले ते बंदीने. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे हातभट्टी फोफावली. पुढे साठच्या दशकातील सुवर्णनियंत्रणाने तस्करांचे फावले. (येथे आपण ख्रिस्ती लोकांनी फार ताठ मानेने बोलू नये. 'आंटीचा अड्डा' हा शब्द आपल्याच वस्त्यांतून आला.) चोरट्या धंद्यात लेखी करार नसतो आणि फसवणूक झाली तर फिर्यादही नेता येत नाही. मग विश्वास ठेवायचा तो सख्ख्या भावावर, मेहुण्यावर. टोळी घराण्याभोवती वाढते ती अशी.

रत्नागिरी जिल्ह्यातील मुमके गावचे इब्राहिम कासकर हे मुंबई पोलिसांत हवालदार होते. साबीर आणि दाऊद हे त्यांचेच पुत्र! १९८१ मध्ये पठाण टोळीने साबीरला ठार केले. त्या खुनातील आरोपी अमीरजादा १९८३ मध्ये भर न्यायालयात गोळीला बळी पडला. तेथून धंदा आणि भाऊबंदकीचा सूड वेगळे काढता येईनात. गवळी टोळीने दाऊदचा मेहुणा मारला. १९९२ मध्ये त्याचा बदला जे. जे. रुग्णालयात घेतला गेला. १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांत २५७ माणसे गेली. दाऊद परदेशी गेला, तरी कासकर हे नाव शहरातून गेले नाही. २०१७ मध्ये त्याचा भाऊ इक्बाल खंडणीच्याच गुन्ह्यात ठाणे पोलिसांकडून पकडला गेला. दगडी चाळीच्या अरुण गवळीने तर पक्ष काढला, २००४ मध्ये तो आमदार झाला आणि २०१२ मध्ये एका नगरसेवकाच्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली.

बीडला ना बंदर, ना गिरण्या. पण परळीच्या औष्णिक केंद्राची राख आहे, गोदावरीची वाळू आहे, आता पवनचक्क्याही आल्या. येथे सख्ख्या भावाच्या जागी पुढाऱ्याचा कार्यकर्ता असतो, एवढाच फरक. मुख्य आरोपी निकटवर्ती असल्यावरून गदारोळ झाला आणि ४ मार्च २०२५ रोजी मंत्री धनंजय मुंडे ह्यांनी राजीनामा दिला. आरोपांचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम.

देशमुख मात्र ह्या कशातच नव्हते. हत्येच्या तीन दिवस आधी, ६ डिसेंबरला, प्रकल्पावरील रखवालदाराला मारहाण झाली, तेव्हा ते मध्ये पडले. रखवालदार त्यांच्या गावचा होता.