टोपल्याला भोकं होती, डब्याला नाहीत

मागच्या उन्हाळ्यात आमच्या कळमनुरी तालुक्यातल्या एका बचत गटानं हळदीचं बेणं प्लास्टिकच्या मोठ्या डब्यांत, झाकण घट्ट लावून ठेवलं. उंदीर लागू नये, एवढाच हेतू. मृगाच्या तोंडावर झाकण काढलं तर आत पाणी सुटलेलं, वर पांढरी बुरशी, बोट लावलं की बेणं मऊ. लागवडीसाठी पुन्हा उसने पैसे काढावे लागले. त्या गटात मीही होते, म्हणून आज हा विषय.

आपल्या आज्या हे बेणं सावलीत ढीग करून ठेवायच्या, वर हळदीचाच पाला. लसणाच्या पातीची वेणी घालून ती आढ्याला टांगायची. कांदा टोपल्यात. टोपली, दुरड्या, कोंबड्यांची डालगी बुरडाकडून यायची. कामट्यांच्या विणीत जी फट राहते, तीच त्या भांड्याची खिडकी. भोक पाडायचं काम कुणाला कधी पडलंच नाही.

पण सगळंच उघडं ठेवत नसत बरं. ज्वारीची कणगी विणलेली असली तरी शेणमातीनं लिंपून तिच्या फटी बुजवत. आणि पेव तर जमिनीच्या पोटात! त्यात कोरडी ज्वारी भरून तोंड बंद केलं की दाणे आणि किडे मिळून आतला ऑक्सिजन संपवत, कार्बन डायऑक्साइड साठे आणि किडे मरत. म्हणून पेवाचं तोंड उघडलं की लगेच उतरायचं नसे, बराच वेळ हवा खेळू द्यायची. घाई करणारी माणसं आत गुदमरून दगावली आहेत. ‘पेव फुटलं’ असं आपण सहज म्हणतो, पण ते पेव आता कितीजणींनी पाहिलंय?

म्हणजे जुन्या बायकांना फरक ठाऊक होता. वाळलेला दाणा झोपल्यासारखा असतो, त्याला कोंडलेलं चालतं. कांदा, लसूण, बटाटा, हळदीचं बेणं ही ओल्या अंगाची, जिवंत. ती श्वास घेतात, वाफ आणि ऊब सोडतात. वाफेला वाट नसेल तर तिचं पाणी होऊन परत त्यांच्याच अंगावर पडतं.

आता डब्याकडे वळू. पॉलिथिन १९३३ साली इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत अपघातानंच सापडलं. दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या तारांवर वेष्टण म्हणून वापरलं गेलं. पुढं १९५४ मध्ये इटलीत नात्ता यांनी पॉलिप्रॉपिलीन तयार केलं. आपले कितीतरी डबे त्याचेच असतात. पाणी आत जाऊ न देणं हा या मालाचा मोठा गुण. आपल्या दारात तो फेरीवाल्याबरोबर आला, भंगार आणि विंचरलेले केस देऊन आपण तो घेतला. हलका, धुवायला सोपा, उंदराला सहज न कुरतडता येणारा. टोपलं माळ्यावर गेलं आणि त्याचं काम डब्याच्या गळ्यात पडलं.

मग भोकं आपणच पाडायची. जाड खिळा पक्कडीत धरून चुलीवर तापवा. हातात धरू नका, मी धरून बघितलंय! काम अंगणात, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून करा. तो धूर छातीला वाईट. ठिसूळ, कडकडीत प्लास्टिकवर हातोडी मारली तर ते तडकतं. भोकं खाली बुडाजवळ आणि वर गळ्याजवळ, दोन्हीकडे हवीत: ऊबदार हवा वर जाते आणि गार हवा खालून शिरते. नुसत्या झाकणाला भोकं पाडून भागत नाही, मधल्या मालाला वारा लागत नाही. बुडालाही चार भोकं पाडून डबा विटांवर ठेवा. आतली टोकं पात्यानं खरवडा, नाहीतर बेण्याला ओरखडा पडतो आणि कूज तिथूनच सुरू होते. भोक पेन्सिलीपेक्षाही बारीक ठेवा, उंदराचं पिल्लू शिरू नये. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी घेऊ नका. आणि ज्वारी-डाळीच्या डब्याला चुकूनही भोक पाडू नका, सोंडे वाटच बघत असतात.

कांद्याची चाळ बघा, ती याच हिशेबानं बांधतात. खालून उंच, बाजूंना फटी.

यंदा आमच्या गटानं अर्धं बेणं भोकांच्या डब्यात आणि अर्धं पाल्याखाली ढिगात ठेवलंय. दर शनिवारी दोन्ही उघडून बघतो. आतापर्यंत दोन्हीकडचं टणक आहे, डब्यातले दोन कंद तेवढे काढून टाकावे लागले.